फरशीखालची मोरी

बाबा फरशी बसवणारे. जन्मभर लोकांच्या न्हाणीघरांना उतार देत आले. आईचं एकच मागणं होतं, "आपल्याकडेही करा ना, मोरीच्या तोंडावरची ती गंजकी जाळी दिसणार नाही असं काहीतरी." बाबा आज-उद्या करत राहिले आणि आई गेली.

मग त्यांनी ते काम हाती घेतलं. न्हाणीघरात भिंतीलगत चरासारखी अरुंद मोरी, वर झाकण म्हणून तसलीच फरशी, आणि पाणी जायला दोऱ्याएवढी फट. "शोधून दाखव," ते मला म्हणाले. मला खरंच सापडली नाही.

थोड्याच दिवसांत पाणी तुंबलं. बाबांनी झाकण उचललं. खाली केसांचा गुंता होता. लांब, ओला, निम्मा पांढरा. बाबांना टक्कल, माझे केस कानापर्यंत, आणि घरात तिसरं माणूस नाही.

"बाबा, फेकून द्या ते."

त्यांनी गुंता तळहातावर घेतला आणि बोटांनी हलकेच सोडवत बसले. "आवडलं म्हणायचं तिला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराचं दार आतून बंद होतं. आत पाणी पडत होतं. बाबाच असतील म्हणून मी हाक मारली, तर ते माझ्या मागून आले. हातात आईचा टॉवेल होता. स्टूल ओढून ते दाराशी बसले.

"सावकाश होऊ दे गं," ते दाराकडे बघत म्हणाले, "आज मला कुठे जायचं नाही."

आतलं पाणी थांबलं. मग कडी सरकली.