मुकी लाइन

जागेश्वरनं खांबावरच्या तारांना चिमटे लावले आणि टेस्ट फोन कानाशी धरला. गुणगुण आली. म्हणजे एक्स्चेंजपासून इथवर लाइन जिवंत होती. बिघाड घराकडच्या बाजूला होता.

सदर भागातल्या या घराची ही तिसरी तक्रार. पहिल्या दोन खेपांना घरमालक कृष्णकांतरावांनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं होतं, "झाला सुरू" म्हणून. सकाळी साहेबांनी सगळ्यांदेखत त्याची हजेरी घेतली होती. आज त्या घरच्या फोनवरून साहेबांशी बोलून दाखवायचं, नाहीतर मेमो. म्हणून तो आज फाटकाशी थांबलाच नाही.

जागेश्वरचा बाप उमरेडला मागावर बसायचा. धागा कुठं तुटला ते त्याची बोटं सांगायची. पोराच्या बोटांत तेच आलं, फक्त सुताच्या जागी तांबं होतं. टेलिफोनला घरची वीज लागत नाही. एक्स्चेंजच्या बॅटरीची वीज आणि माणसाचं बोलणं त्याच दोन तारांवरून येतं. एक तुटली की दोन्ही जातात.

व्हरांड्यातल्या तारजोडीच्या डबीचं झाकण त्यानं उघडलं. एक तार सुटलेली होती. गंजून नाही, झिजून नाही. कुणीतरी ती ओढून काढून स्क्रू पुन्हा नीट आवळला होता.

"ते जोडू नको गा."

मागं कृष्णकांतराव उभे होते. पासष्टीचे, बनियन-धोतरातले.

"काका, तुम्हीच काढली का?"

म्हाताऱ्यानं आधी आत नजर टाकली. "हळू बोल. पोरगं जहाजावर होतं आमचं. चौदा मार्चले टेलिग्राम आला. वादळात पाण्यात गेलं. अंगही सापडलं नाही. अरुंधती तेव्हा देवळात गेली होती. मी सही करून घेतला अन् चुलीत टाकला."

मे महिना चालू होता. जागेश्वरनं डबीचं झाकण खाली ठेवलं. "बाईले सांगितलंच नाही?"

"कसं सांगू? एकुलतं एक. बंदराले लागलं की फोन करे. फोन बंद आहे तोवर तिले वाटते, पोरगं लावून राहिलं असन, लागत नसन. फोन चालू झाला अन् वाजलाच नाही, तर ती काय समजन? ती म्हणते म्हणून तक्रार देतो, अन् मीच तुले वापस पाठवतो."

बोलता बोलता ते पायरीवर बसले. छातीवर हात ठेवून श्वास घेत राहिले.

 जागेश्वर म्हणाला, "मले साहेबाले इथून बोलून दाखवा लागते. नाहीतर नोकरीवर येईन. आज जोडतो, अन् जाता जाता पुन्हा काढतो. पण यापुढं तक्रार देऊ नका."

म्हाताऱ्यानं मान हलवली.

"झाला का हो भाऊ सुरू?" आतून अरुंधतीबाई आल्या. लहानखुऱ्या, हाताला पीठ. आवाज मात्र खणखणीत. "पोराचा फोन येईन कधीबी. आज नाही झाला तर अजून किती दिवस लागन?"

"पाहतो, माय," जागेश्वर म्हणाला. त्याला त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

त्यानं तार जोडली, स्क्रू आवळला, बैठकीत जाऊन रिसीव्हर उचलला.

काहीच नाही.

तो पुन्हा व्हरांड्यात आला. डबीवर चिमटे लावले. गुणगुण होती. आत येऊन पुन्हा रिसीव्हर उचलला. मुका. वीज दारापर्यंत येत होती आणि आतल्या पंधरा फुटांत मरत होती. एका बिघाडाखाली दुसरा बिघाड होता.

तो भिंतीवरून बोटं फिरवत निघाला. खिडकी, कोपरा, मग कपाटाची मागची फट. तिथं बोटं थांबली. तार सरळ कापलेली होती, कात्रीनं. टोकं उघडी दिसू नयेत म्हणून त्यांवर पीठ मळून लावलेलं होतं, ते वाळून कडक झालं होतं.

म्हाताऱ्यानं दोन जागी काहून तोडली? त्यानं थैलीतून पक्कड काढली.

"राहू दे ते, भाऊ."

अरुंधतीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पाठीमागं दार लोटून घेतलं. मघाचा खणखणीत आवाज कुठंच नव्हता.

"अकरा मार्चले जहाजाच्या कंपनीचा फोन आला होता. मीच उचलला. आमच्या यायले हृदयाचे दोन झटके येऊन गेले, तिसरा सोसवणार नाही," त्या व्हरांड्याकडं बोट करून म्हणाल्या. "यायले काही कळू देऊ नको. फोन लागत नाही म्हणूनच पोराची वाट पाहत जगून राहिले ते."