पडद्याची मागली बाजू

पडद्यावरच्या आईनं गीतेवर ठेवायला हात उचलला आणि तेवढ्यात रीळ संपलं. तंबूत अंधार. मग गॅसबत्ती पेटली.

"रील बदल रहा है भाई, बैठे रहो!" मशीनवाला ओरडला.

नवेगावच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, यंदा टॉकीज आली होती. तंबूच्या मधोमध पांढरा पडदा. मशीनच्या बाजूला गडीमाणसं, पडद्यामागं बाया. बायांनाही सगळं दिसत होतं. फक्त पडद्यावरचे लोक डाव्या हातानं जेवत होते. शहरातले लोक असेच जेवत असतील, असं म्हणून बायांनी ते सोडून दिलं.

गडीमाणसांत वाद सुरू झाला. सिनेमातल्या पोरानं चोरी केली होती आणि धरला गेला होता दुसराच एक गरीब माणूस. आता पोरगा त्या रात्री घरी होता का, एवढंच आईनं कोर्टात सांगायचं होतं.

"खोटं बोलल. माय हाय ते."

"मंग पिच्चर कायले काढला गा? घरी का कमी खोटं आयकतेस?"

सगळे हसले. पडद्यामागं धुरपताबाई हसली नाही. उद्या सकाळी तिलाही हेच सांगायचं होतं.

तलावाचं तुडुम, पाणी सोडायचं दार, कोणीतरी रात्री उघडलं होतं. पाणी सुटलं आणि खालच्या शेतांच्या बांध्यांमधला कापून ठेवलेला धान सगळा भिजला. तुडुमाजवळ मंगरू ढिवराचं जाळं सापडलं. मंगरू म्हणत होता, उघडणारा खुशाल होता, मी डोळ्यानं पाहिलं. खुशाल धुरपताबाईचा एकुलता पोरगा. तो घरीच होता, असं तिनं सकाळी पंचांपुढं, बांधावरच्या देवावर हात ठेवून सांगितलं की झालं. मंगरूला त्या तलावात पुन्हा जाळं टाकता येणार नव्हतं. कधीच.

सून शामकला तिच्या कानाशी आली. "आत्याबाई, पाह्यलं का? डावा हात उचलला तिनं."

"पाह्यलं."

"डाव्या हाताची शपथ लागत नाही म्हन्तेत. पोरगाबी वाचते न् देवबी कोपत नाही. तुमीबी सकारी डावाच ठेवजा. पदराखालून. कोन पाह्यते?"

धुरपताबाई उठली.

"कुठं चालल्या?"

"तिचा हात पाह्याले."

"तिकडं गडीमानसं हायेत वो बाई!" शेजारची म्हातारी देवकाबाई म्हणाली.

"असू दे."

ती तंबूच्या कडेकडेनं पुढच्या बाजूला गेली आणि मशीनजवळ उभी राहिली. गॅसबत्ती विझली. रीळ सुरू झालं. पडद्यावरच्या आईनं गीतेवर हात ठेवला.

उजवा हात.

धुरपताबाईनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे. उजवाच होता.

"मेरा बेटा उस रात घर पर नहीं था," पडद्यावरची आई म्हणाली.

मग पुढच्या खुर्चीवरून केशोराव पाटील गरजले, "वा! माय असावी त अशी!" ते गावचे पंच. त्यांनी टाळी वाजवली तशी सगळ्यांनी वाजवली. खुशालनंही वाजवली. दोरीला टेकून उभा असलेला मंगरू तेवढा वाजवत नव्हता.

धुरपताबाई पुढं सरकली, थेट मशीनच्या उजेडात. उजवा हात वर केला. पडद्यावरचं सगळं कोर्ट झाकून गेलं, एवढा मोठा हात.

"हाथ हटाओ, माई!"

"केशोराव," ती म्हणाली, "माहा पोरगाबी घरी नोहोता. तुडुम त्यानंच उघडलं. मंगरूनं नाही."

टाळीसाठी जोडलेले खुशालचे हात तसेच राहिले.

केशोराव खुर्चीतून अर्धे उठले. "सकारी देवापुढं सांगजो ना वो बाई. इथं काऊन?"

"सकारी हात थरथरल माहा. आता नाही थरथरून रायला. पाहून घ्या."

मंगरूनं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं.

पडद्यामागं बाया त्या काळ्या सावलीकडे बघत होत्या. सिनेमातल्या आईचा आवाज येत होता, पण दिसत होता फक्त हात.

"डावा हाय का वो उजवा?" शामकलानं रडत विचारलं.

"धुरपताचा हाय पोरी," देवकाबाई म्हणाली आणि तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.