पाळलेले ग्रहण

“काकडी,” सारिका म्हणाली. “येकच. कवळी व्हती.”

डॉक्टर अनघाने मान हलवली. कुरवंड्याच्या अंगणवाडीतली सतरंजी त्या दुपारी आयांनी भरून गेली होती. दारातून नागफणीचा कडा दिसत होता आणि त्याच्या माथ्यावरून सहलीला आलेल्यांच्या आरोळ्या वाऱ्याबरोबर खाली उतरत होत्या. सारिकाच्या मांडीवर तिचा अमृत पेंगत होता. त्याचा वरचा ओठ जन्मतःच दुभंगलेला होता. तो केव्हाच शिवून झाला होता, आणि आता त्याची खूण एखाद्या उसवलेल्या दोऱ्याएवढीच उरली होती. गावाने मात्र त्या खुणेचे कारण कायमचे ठरवून टाकले होते. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत सूर्य मावळता मावळता ग्रासला, सारिकाला दिवस गेलेले होते, आणि तिने विळीवर काकडी चिरली.

तिच्या सासूबाई, मुक्ताबाई, हे कारण कोणी न विचारताही सांगत असत.

“लाख येळा सांगितलं व्हतं, ग्रहणात इळीला हात लावू नगं म्हून,” त्यांनी आताही सांगितले. “पर हिला कुटं दम!”

सारिकाने अमृतला मांडीवर सारखे केले. त्या संध्याकाळचे सारे तिला आठवत होते. अंगणातले विटकरी ऊन, पोटातली मळमळ, काकडीचा गार वास, विळीवर उमटलेला तो इवलासा आवाज. एवढ्याशा आवाजात एवढे मोठे काही चिरले जावे, याचा तिला अजून विस्मय वाटे. तिच्या नवऱ्याला, कैलासला, दुसरे मूल हवे होते. ती नको म्हणत होती. तिचा स्वतःच्या हातांवर विश्वास उरला नव्हता.

अनघा पुण्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातून आली होती. ओठ दुभंगलेल्या मुलांच्या आयांना आणि धडधाकट मुलांच्या आयांना सारखेच प्रश्न विचारायचे आणि फरक कुठे पडतो ते पाहायचे, हे तिचे काम. चुलीचा धूर, औषधे, खाणेपिणे. ग्रहण तिच्या प्रश्नांत नव्हतेच. पण सारिकासारखी जी जी आई भेटे, ती ते आपणहून काढी. शेवटी तिने तोही प्रश्न घेतला होता.

आता पाळी त्याच दिवाळीत पोटुशी असलेल्या, धडधाकट मुलांच्या आयांची होती.

“ग्रहण पाळलं होतं का?”

“पाळलं की!” शेजारची पिंकी म्हणाली. तिची लेक दारात उभी राहून शिट्टी वाजवत होती. “पान्याचा घोट न्हाई घेतला.”

“म्या सुपारी बी कातारली न्हाई,” दुसरी म्हणाली.

“सुपारीचं काय घिऊन बसलीस! म्या तर बोटं सुदिक मोडली न्हाईत.”

“सासूच्या नावानं बी न्हाई?”

हशा पिकला. बोटे न मोडणारीची सासू तेवढी हसली नाही.

“आणि काही चिरलं, कापलं?” अनघाने विचारले.

“छ्या! कायतरी इपरीत इचारताय, ताई.”

एकीमागून एक सगळ्याजणी न्हाई म्हणाल्या. हसत, कानाला हात लावत, सहज. सारिका ऐकत होती. आजवर ते गावाचे बोलणे होते. आता ते डॉक्टरांच्या हिशेबात चालले होते. तिने खालच्या आवाजात विचारले, “मंग माज्यामुळंच झालं न्हवं, ताई?”

अनघाने हातातले पेन खाली ठेवले.

“ज्याच्या पायात काटा मोडतो, त्याला सारी वाट आठवते,” ती म्हणाली. “बाकीचे नुसते चालून जातात.”

“म्हंजी आमी खोटं बोलतो व्हय?” पिंकी फणकारली.

“खोटं नाही गं. तुम्हाला आठवायचं कारणच पडलं नाही. आणि माझंही चुकलं. पाळलं का म्हणून विचारल्यावर नाही कोण म्हणेल? ते राहू दे. त्या संध्याकाळी तुम्ही होतात कुठं?”

“कुटं म्हंजी? रानात. पाऊस डोक्यावर, आन् भात हुबं. समद्या काढनीला गेलतो. सारिकाला उलट्या व्हत व्हत्या, ती येकटी घरी.”

“तिथं काही कापलं नाही?”

“न्हाई ओ. भात काढत व्हतो.”

अनघा घुटमळली. “भात काढायचं म्हणजे नेमकं काय करायचं?”

शहरातल्या माणसाच्या या अज्ञानाला बायका मनापासून हसल्या. “आवो, अशी मूठ धरायची,” पिंकीने हवेत डावी मूठ आवळली, “आन् असा इळा...”

तिचा उजवा हात अर्ध्यावर थांबला.

हसणे विरले. चिरणे, कापणे हे शब्द चुलीपुढचे होते. भाताला ते कोणी लावलेच नव्हते. भात काढायचे असते. तो ग्रासलेला सूर्य कड्याआड जाईपर्यंत, पोटात लेकरे घेऊन, त्या साऱ्याजणी ओल्या खाचरांत विळे चालवत होत्या.

सगळ्यांचे डोळे मुक्ताबाईंकडे वळले. त्या दिवशी रानात सर्वांच्या पुढे त्याच होत्या. त्यांनी दाराबाहेरच्या उतरत्या खाचरांकडे पाहिले. मग त्यांनी पदर सारखा केला आणि आज पहिल्यांदाच सुनेकडे तोंड करून त्या बोलल्या.

“कैलास पोटात व्हता, तवा बी ग्रहण दिवाळीतच आलतं. समदं भात म्या येकलीनं काढलं.”