मधल्या रविवारची सुट्टी

“आज मॅच नाही. मधल्या रविवारी विम्बल्डनला सुट्टी असते,” नरेंद्रराव म्हणाले आणि त्यांनी रिमोट खाली ठेवला.

रुपालीचे कणकेतले हात थांबले. ही तिसरी चूक.

“बाबा, ती सुट्टी बंद होऊन किती वर्षं झाली!” जिन्यावरून निहार ओरडला. “आता चौदा दिवस सलग खेळतात. लावा टीव्ही.”

रुपालीने हात पुसले आणि फोनमधल्या यादीत हे लिहून टाकलं. येत्या मंगळवारी सासऱ्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. प्रसंग तारखेसकट लिहा, कोण काय म्हणालं तेही लिहा, असं तिथल्या नर्सने बजावलं होतं.

तिचा संशय काही उगाच नव्हता. हा माणूस पन्नास वर्षं विम्बल्डनचा भक्त. कुठला नियम कधी बदलला हे त्यांना मुलाच्या वाढदिवसापेक्षा पक्कं ठाऊक. आता अमेरिकेत, एडिसनला मुलाच्या घरी, रोज सकाळी टीव्हीसमोर बसत आणि संध्याकाळी काहीतरी चुकीचं सांगत. चष्मा शोधायला लागले तरी रुपाली त्यांच्याकडे टक लावून बघायची. चहात दोनदा साखर घातली की ती डबाच उचलून ठेवायची. नागपूरच्या फ्लॅटमध्ये एकट्याने गॅस चालू ठेवला तर? ऑगस्टचं त्यांचं परतीचं तिकीट तिने मनातल्या मनात कॅन्सल करून टाकलं होतं. ते बिचारे तिकडे जायचे दिवस मोजत होते.

निहारला या सगळ्याला वेळच नव्हता. मार्च महिन्यात शेजारच्या अनुपची नोकरी गेली होती. व्हिसावरच्या माणसाला अशा वेळी साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी नाही मिळाली, तर देश सोडायचा. अनुप आणि सुजाता सोफासुद्धा विकून परत गेले. तेव्हापासून निहार जरा जास्तच मन लावून ऑफिसला जायचा. सकाळी आठला न्यूयॉर्कची ट्रेन, घरी यायला सात. परवा शुक्रवारी तर मीटिंगमधून त्याला रुपालीचा फोनही घेता आला नव्हता.

निहार खाली येऊन वडिलांशेजारी बसला. टीव्हीवर मॅच सुरू झाली होती.

“यंदा हवा बरी आहे,” नरेंद्रराव म्हणाले. “शुक्रवारी पावसाचा एक थेंब नाही.”

चौथी. रुपालीने पुन्हा फोन उचलला.

“काय बाबा! बारा नंबर कोर्टवर दोनदा कव्हर घातलं. दुसऱ्यांदा तर चाळीस मिनिटं सगळे छत्र्या घेऊन बसले होते.”

“हायलाइट्समध्ये बघितलंस?”

“हो, रात्री.”

“हायलाइट्समध्ये पाऊस दाखवत नाहीत, निहार.”

नरेंद्ररावांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

“रुपाली, तुझ्या यादीतलं मी बोललो ते सोड. हा काय बोलला ते वाच.”

यादीचं त्यांना कसं कळलं, हे विचारायचंही तिला सुचलं नाही. ती वाचू लागली. “मंगळवार. बाबा म्हणाले, लाइनवरच्या पंचाने बॉल आउट दिला. निहार म्हणाला, पंच आता नसतात, मशीन सांगतं. आणि तेव्हा मशीनचा आवाज आलाच नाही, म्हणून तो पॉइंट पुन्हा खेळवला.” तिचा आवाज बारीक झाला. “गुरुवार. बाबा म्हणाले, पाचव्या सेटला टायब्रेक नसतो. निहार म्हणाला, असतो, दहा पॉइंटचा. त्याआधी तो उंच पोरगा बुटाची लेस बांधत बसला, म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या.”

मंगळवार. गुरुवार. शुक्रवार. लंडनची दुपार म्हणजे इथली सकाळ, ऑफिसची वेळ. रुपालीने वर निहारकडे बघितलं.

“दहावीत ट्यूशन बुडवून मित्राकडे मॅच बघायचा, तेव्हाही असाच पकडला होता,” नरेंद्रराव म्हणाले. “कोणी चुकीचं सांगितलं की याला राहवतच नाही. अबे, रोज कुठे बसतोस? लायब्ररीत?”

“स्टेशनच्या पार्किंगमध्ये. गाडीत,” निहार मान खाली घालून म्हणाला. “नोकऱ्यांना अप्लाय करतो, मग मॅच लावतो. नुसतं बसवत नाही, बाबा.”

नरेंद्ररावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. रुपाली येऊन त्याच्या समोर जमिनीवरच बसली. तिला भयंकर राग आला होता आणि रडूही येत होतं.

“साठातले किती उरले?” तिने विचारलं.

निहारने तारीख बघितली नाही की बोटं मोजली नाहीत. “एकोणीस.”