सामान

भगवंतराव नवं कोरं कुलूप घेऊनच प्लॉटवर निघाले. आज धाकट्या भावाने, गोपालने, जागा सोडायची होती. तो बायकोपोरांना घेऊन गेला की त्याच्या घरात आपला मुलगा किशोर नव्या सुनेसह राहील, असा त्यांचा बेत होता.

याच घराला त्यांनी दोन वर्षं नावं ठेवली होती. मूर्तिजापुरात मिस्त्री हाती लागत नाहीत, काळ्या मातीत भिंती तडकतात, म्हणून गोपालने अमरावतीच्या कारखान्यातून तयार खोल्याच आणल्या. क्रेनने त्या लोखंडी खांबांवर ठेवल्या, नटबोल्ट आवळले आणि आठवड्यात संसार मांडला. भगवंतरावांचा विटांचा बंगला तेव्हाही अर्धवट होता आणि त्याच्या भेगांत पाली नांदत होत्या. तरी येता-जाता ते गोपालच्या भिंतीवर टिचकी मारत.

"आयका, कशी वाजते! खोकं हाय खोकं. मानसं राह्यतेत का डब्ब्यात?"

आत पोळ्या लाटणाऱ्या चंदाला, गोपालच्या बायकोला, ते फार लागायचं. पण थोरल्या दिरापुढे ती बोलणार काय?

वाटणीच्या बैठकीत तर त्यांनी कहर केला. प्लॉट त्यांच्या वाट्याला आला, तेव्हा भावकीतले सगळ्यांत वडीलधारे नत्थुजी म्हणाले, "मंग त्याच्यावरच्या घराची भरपाई द्या लागन तुले."

भगवंतराव फिसकन हसले. "घर? घर कुठं हाय तिथं? सामान हाय ते, सामान!"

गोपालने मान डोलावली. मग म्हणाला, "बरं दादा. सामानच म्हना."

काय येडं पोरगं, असं भगवंतरावांच्या मनात आलं. एका शब्दात घर सोडून मोकळा झाला! नावं ठेवलेली वस्तूही फुकट मिळाली की गोड लागते. घरी जाऊन त्यांनी सुनेला पडद्यांचा रंगसुद्धा विचारला.

आणि आता कुलूप मुठीत धरून ते फाटकाशी थबकले. प्लॉटवर क्रेन उभी होती. बाकीच्या खोल्या सकाळीच स्टेशनपलीकडे, गोपालच्या नव्या जागेवर पोचल्या होत्या. शेवटची खोली, चंदाचं स्वयंपाकघर, खिडकीच्या पडद्यासकट हवेत लोंबत होती. चंदा डोक्यावरचा पदर सावरत तिच्याकडे टक लावून बघत होती आणि हसत होती.

"अरे थांबव! काय करून राहिला तू?" भगवंतराव ओरडले.

"जागा तुमची, दादा," गोपालने हात जोडले. "आमी आमचं सामान नेऊन राहिलो."

भगवंतरावांनी आधारासाठी नत्थुजींकडे पाहिलं. म्हातारा कडुनिंबाखाली खुर्ची टाकून मजेत बसला होता. त्याची नजर भगवंतरावांच्या मुठीवर गेली.

"भगवंता, कुलूप कायले आनलं रे?" नत्थुजी म्हणाले. "इथं घर नाई, असं तूच तं सांगितलं होतं."