पंधरा मिनिटांनी एकदा

वॉटरप्रूफ पिशवीतला फोन हिराजीने शर्वरीच्या टेबलावर ठेवला. परवा बुडालेल्या बोटीच्या फळ्यांबरोबर तो किनाऱ्यावर आला होता. बोट चालवणारा तांडेल, हिराजीचा थोरला भाऊ, अजून सापडला नव्हता.

"ताई, दादानं फोन लावलाच नसेल का हो? टॉवर नसला तरी उपग्रहावरून लागतो, असं तुम्हीच सांगितलं होतं."

शर्वरीने फोन लॅपटॉपला जोडला. चाचणीसाठी बारा बोटींना तिनेच हे फोन दिले होते. उपग्रह डोक्यावर जेमतेम सहा मिनिटं असायचा, म्हणून फोन दर दोन मिनिटांनी आपणहून त्याचा सिग्नल शोधत असे; तो सापडला तरच कॉल लागे. महिन्यापूर्वी जेटीवर तांडेलाने तिची थट्टा केली होती, "तुमच्या फोनपेक्षा माझी सुरमई जास्त वेळ जिवंत राहते, ताई! दुपारीच बॅटरी खलास." ती हसली होती आणि तिने दोनाची पंधरा मिनिटं केली होती. जेटीवरच तपासूनही पाहिलं होतं, कॉल लागला होता. तिथे टॉवर होता.

आता नोंदी समोर होत्या. बोट बुडत असताना चाळीस मिनिटांत दोन उपग्रह वरून गेले होते. दोन्ही वेळा फोन शोधत नव्हता.

"लावला होता," ती कशीबशी म्हणाली. "अकरा वेळा."

हिराजीने फोन उचलून त्याचा पडदा पाहिला.

"बॅटरी मात्र टिकली हो. एकसष्ट टक्के आहे अजून," तो म्हणाला. "दादा फार खूश होता तुमच्यावर."