तिकडची बाभूळ

त्रिंबकने खोक्यातून ठोकळा काढला आणि तान्हं पोर दाखवावं तसा दोन्ही हातांनी रामकिसनपुढे धरला.

"टास्मानियाहून आलाय," तो म्हणाला. "तिकडची बाभळीचीच जात हाय म्हणं. पण आपल्या बाभळीला ही सर नाय."

लाकूड प्रवासात तडकू नये म्हणून ठोकळ्याला सगळीकडून मेण फासलेलं होतं. एका बाजूचं मेण त्रिंबकने खरवडलं होतं. आत तांबूस लाकूड, आणि त्यात शाई सांडल्यासारखी काळी-निळी नक्षी. रामकिसनच्या पोटात दुखायला लागलं. दुसऱ्याचं चांगलं बघून दुखतं, तसं.

वास घ्यावा म्हणून त्याने ठोकळा नाकाशी नेला, तर त्रिंबकने तो काढूनच घेतला. खोक्यावरची परदेशी तिकिटं कुठं गेली, असं रामकिसनने विचारलं. ती पोरीने नातवाला जमवायला काढून घेतली म्हणे.

दोघांनी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं शेजारशेजारच्या लेथवर लोखंड कातलं होतं. रिटायर झाल्यावर दोघांनीही पुंडलिकनगरात घरी लाकडाचे लेथ बसवले. हात रामकिसनचा सरस, हे त्रिंबकसुद्धा कबूल करायचा. पण त्रिंबकच्या पोरीने इंटरनेटवरून त्याला टास्मानियातला एक म्हातारा कातारी गाठून दिला. इकडून चिंच आणि शिसव जायची, तिकडून तिथलं लाकूड यायचं. झालं, त्रिंबक गल्लीत मोठा माणूस झाला. त्याने कातलेल्या वाट्या बघायला लोक घरी यायचे आणि जाता जाता रामकिसनला विचारायचे, तुम्हीपण करता का काही.

सुरुवातीला त्या म्हाताऱ्याचे व्हिडिओ कॉल यायचे. मग त्याच्या आजारपणाचं काहीतरी कानावर आलं आणि कॉल थांबले. खोकी मात्र येतच राहिली. रामकिसन प्रत्येक खोकं बघायला जायचा, तोंडभर कौतुक करायचा आणि घरी येऊन बायकोवर खेकसायचा.

मागच्या वर्षी रामकिसनने एकदा मान खाली घालून त्रिंबककडे शब्दही टाकला होता. कन्नडला त्याच्या शेताच्या बांधावरची म्हातारी बाभूळ वादळात पडली. त्या झाडावर त्याचा जीव होता. लहानपणी तो तापाने जायला टेकला होता, तेव्हा त्याच्या आईने, पुतळाबाईने, त्या खोडात भोकाचा पैसा ओवलेला खिळा ठोकून त्याचं दुखणं झाडाला बांधलं होतं. तो उठून बसला, आणि पुढे झाडाच्या सालीने खिळासुद्धा गिळून टाकला. या बाभळीचा एक ठोकळा माझ्या नावानं तुझ्या माणसाला धाड, एवढंच त्याने त्रिंबकला म्हटलं होतं.

त्रिंबक हसला होता. "बाभळीला कोण इचारतंय तिकडं? आरागिरणीला देऊन टाक."

रामकिसनने झाड कन्नडच्या आरागिरणीला दिलं. ते हसणं मात्र त्याच्याकडेच राहिलं.

दिवाळीआधी शहरात हौशी कारागिरांचं प्रदर्शन होतं. गेल्या तीन वर्षांत त्याच्या टेबलापाशी कुणी मिनिटभर थांबलं नव्हतं. यंदा एकदा तरी लोकांनी थांबावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि नेमका त्याच आठवड्यात त्रिंबक चार दिवस पोरीकडे पुण्याला निघाला. तुळशीला पाणी घालायला घराची किल्ली त्याने रामकिसनच्याच हातात दिली. तीस वर्षांत त्याने ती दुसऱ्या कुणाला दिली नव्हती.

पहिल्या दिवशी रामकिसनने फक्त पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी आपल्याकडच्या सरपणातल्या बाभळीचा तेवढाच ठोकळा कापला, मेणबत्त्या वितळवून त्याला मेण फासलं, एक बाजू खरवडली आणि पिशवीत घालून नेला. येताना पिशवीत दुसरा ठोकळा होता. तुळशीला पाणी घालायचं राहूनच गेलं.

लेथवर चढवण्याआधी प्रत्येक लाकडावरून लोहचुंबक फिरवायची त्याची सवय होती. गावाकडच्या झाडांत काय काय ठोकलेलं असतं, कुणी सांगावं. त्याने चुंबकाकडे हात नेला आणि स्वतःशीच हसला. हे टास्मानियाचं लाकूड. चुंबक खुंटीवरच राहिला.

पटाशी लागताच तांबडे काप सुटायला लागले. वास बाभळीचाच होता, पण कसा उंची, घरंदाज. आपल्या बाभळीला असला वास नाही, अशी त्याची खात्री पटली. जसजसा तो आत जात होता, तसतशी काळी नक्षी गडद होत होती. प्रदर्शनात सांगायची गोष्ट त्याने जुळवूनही ठेवली होती. आपलाही एक मित्र आहे परदेशात, त्याने पाठवलं.

तेवढ्यात फोन वाजला. त्रिंबक होता.

"ठोकळा हाय ना जागेवर?"

"तो कुठं जातोय?" रामकिसन म्हणाला.

"तसं नाय. लई लांबून आलाय, म्हणून इचारलं."

"तू निवांत ऱ्हा. मी हाय की इथं."

पलीकडून त्रिंबक म्हणाला, "तू हाय म्हणूनच निवांत हाय."

रामकिसनने फोन ठेवला आणि लेथ पुन्हा सुरू केला. आता वाटीचा पोकळ भाग तेवढा काढायचा राहिला होता. त्याने पटाशी आत घातली. खट्ट आवाज झाला, ठिणगी उडाली आणि पटाशीची धार गेली.

त्याने बटण बंद केलं. वाटीच्या मधोमध, सगळी काळी नक्षी जिथून फुटली होती तिथे, लोखंड चमकत होतं. त्याने पक्कड आणली, भोवतालचं लाकूड टोकरलं, दोनतीन हिसके दिले आणि वस्तू तळहातावर घेतली.

लोहाराने घडवलेला चौकोनी, मोठ्या डोक्याचा खिळा होता, आणि त्यात पुतळाबाईने ओवलेला भोकाचा पैसा अजून तसाच होता.